न्यायालयांचे सॉफ्टवेअर मोकळ्या पायावर

जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा न्यायालयांपासून भुसावळ, अमळनेर, शिरपूर, साक्रीच्या तालुका न्यायालयांपर्यंत दाव्यांची नोंद ‘केस इन्फर्मेशन सिस्टिम’ म्हणजेच सीआयएस या संगणकप्रणालीत होते. पक्षकार, वकील, पुढची तारीख, रोजनामा, निकाल हे सारे तिच्यात चढते आणि रोजचा बोर्डही तिच्यातूनच निघतो. ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने घडवली आहे.

पूर्वी राज्याराज्यांत निरनिराळी सॉफ्टवेअर चालत. ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, 2015 पासून, सर्वांना मुक्त स्रोताच्या एकाच पायावर आणण्याचे काम झाले. संगणकांवर उबुंटू लिनक्स, माहिती साठवायला पोस्टग्रेएसक्यूएल, प्रोग्रामसाठी पीएचपी. या तिन्हींना परवाना शुल्क नाही, त्यांचा मूळ कोड कोणालाही वाचता-बदलता येतो आणि त्या कोणत्याही एका कंपनीच्या यंत्रणेला बांधलेल्या नाहीत. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने काढून घेतला, तेव्हा अशा बांधिलकीची किंमत देशभरच्या कार्यालयांना कळली होती.

सीआयएसची खरी हुशारी तिच्या रचनेत आहे. देशभर समान असलेला भाग हा ‘राष्ट्रीय गाभा’, तर प्रत्येक उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे बदलणारा भाग ‘परीघ’. जळगाव-धुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. इथल्या कामकाजापुरता बदल परिघात होतो, गाभ्याला धक्का लागत नाही. जुने सॉफ्टवेअर हलवताना हे विभाजन आधी केले नाही, तर पुढची प्रत्येक सुधारणा महागात पडते.

स्थलांतरात अडचणी येतात त्या बारीकसारीक ठिकाणी. इंग्रजी नावातले एखादे अक्षर कुठे मोठ्या, कुठे लहान लिपीत असले तरी विंडोज ती फाइल एकच मानते. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. त्यामुळे कालपर्यंत उघडणारी निकालपत्राची दुवा-ओळ अचानक बंद पडू शकते. मराठीचा प्रश्न याहून अवघड. जुन्या फाँटमध्ये टंकलेली नावे त्या फाँटशिवाय निव्वळ खुणा दिसतात. ती युनिकोडमध्ये उतरवल्यावर जोडाक्षरे आणि रफार माणसाने डोळ्यांखालून घालावेच लागतात. पक्षकाराच्या नावातली एक चूक शोध निष्फळ करते, म्हणून इथे घाई करणे अक्षम्य आहे.

खासगी क्षेत्रही याच दिशेने गेले. मायक्रोसॉफ्टने प्रोग्राम लिहिण्याची आपली डॉटनेट चौकट नोव्हेंबर 2014 मध्ये खुली करण्याचे जाहीर केले आणि जून 2016 मध्ये विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालणारी डॉटनेट कोअर आणली. वेबपडदे रचणारे जुने वेब फॉर्म्स मात्र तिच्यात आले नाहीत. त्यांवर उभारलेले पडदे नव्याने लिहावे लागतात. व्यवसायाचे नियम पडद्यांच्या कोडमध्ये मिसळलेले असतील तर हे काम कित्येक पटींनी वाढते.

न्यायालयांच्या स्थलांतराचा लाभ पक्षकाराच्या हाती पोहोचला आहे. प्रत्येक प्रकरणाला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो: राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रम आणि वर्ष एकापाठोपाठ. खान्देशातील पक्षकारांनी हा क्रमांक वकिलांकडून मागून घ्यावा. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख विनामूल्य पाहता येते.