रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडू नका

"रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता रोजची गोळी कशाला?" कोलेस्टेरॉलची गोळी घेणारे असं हमखास म्हणतात. पण रिपोर्ट सुधारतो तो गोळीमुळंच. ती सुटली की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा चढतं. दुखत-खुपत काही नसल्यानं ते कळतही नाही.

या 'स्टॅटिन' जातीचं पहिलं औषधी द्रव्य १९७३ मध्ये जपानमधील शेतकऱ्याचे चिरंजीव अकिरा एंडो यांना तांदळावरच्या बुरशीत सापडलं. १९९४ साली ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. स्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते.

आता नवी औषधंही आहेत. स्टॅटिन पुरेसं पडत नसेल तर जोडीला एझेटिमाइब. सोसतच नसेल तर बेम्पेडोइक ॲसिड. इन्क्लिसिरानचं इंजेक्शन पहिल्या दोन डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदाच घ्यावं लागतं, पण ते महाग आहे. बहुतेकांचा पहिला आधार अजून साधी जेनेरिक स्टॅटिन गोळीच.

अंग दुखू लागलं तरी गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. बंद करायचीच तर बिडी-तंबाखू करा. सरपंच, ग्रामसेवकांनी ग्रामसभेत एवढं सांगितलं तरी एखाद्या घरचा कर्ता वाचेल.