शेजारच्या घरातील यादवी

एखाद्या देशात यादवी माजली, भाऊ भावाच्या जिवावर उठला आणि निरपराध बायकामुले रस्त्यावर मरू लागली, तर शेजारच्या बलवान राष्ट्राने आपले सैन्य तेथे पाठवावे की नाही? वर्तमानपत्रांत हा प्रश्न वरचेवर येतो आणि गावच्या पारावर त्याचा निकाल एक विडी ओढून होईपर्यंत लागतो. कोणी म्हणतो, "चार पलटणी पाठवा, आठ दिवसांत सारे ताळ्यावर येतील." कोणी म्हणतो, "दुसऱ्याच्या भांडणात आपण का पडावे?" आपल्या देशाने हा अनुभव स्वतःच्या जवानांचे रक्त सांडून घेतलेला आहे. त्याची आठवण न ठेवता असा निकाल देणे आम्हांला बरे वाटत नाही. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे श्रीलंकेची हकिकत ठेवीत आहोत.

धनुष्कोडीपासून श्रीलंकेचा किनारा समुद्रातून जेमतेम तीस किलोमीटर. १९४८ साली हे बेट स्वतंत्र झाले. तेथील बहुसंख्य लोक सिंहली, प्रायः बौद्ध. उत्तरेस व पूर्वेस तमिळ, प्रायः हिंदू. कॅथलिक कुटुंबे मात्र दोन्ही समाजांत आहेत, हे आपण ध्यानात ठेवावे. १९५६ साली सिंहली हीच एक राजभाषा असा कायदा झाला. तमिळ पुढाऱ्यांनी सनदशीर मार्गाने आपले गाऱ्हाणे मांडले. १९५७ साली आणि पुन्हा १९६५ साली त्यांच्याशी करार झाले, परंतु दोन्ही करार कागदावरच राहिले. बापांचे शब्द असे वाया गेलेले पाहून मुलांनी बंदुका उचलल्या. १९८३ च्या जुलै महिन्यात त्यांनी जाफन्यात तेरा सैनिक मारले, आणि त्याचा सूड म्हणून कोलंबो शहरात तमिळांची घरे व दुकाने दिवसाढवळ्या जाळण्यात आली. माणसे शेकड्यांनी मारली गेली. त्या दिवसांपासून पुढील काही वर्षांत लाखाहून अधिक तमिळ लोक होड्यांत बसून आपल्या किनाऱ्याला लागले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नाही. ह्या तमिळ तरुणांच्या निरनिराळ्या टोळ्यांना शस्त्रे आणि शिक्षण आपल्याच भूमीवर, आपल्याच सरकारच्या यंत्रणेकडून मिळत होते. निर्वासितांना अन्नवस्त्र देणे हे पुण्यकर्म होय. त्यांच्या मुलांना बंदूक चालविण्यास शिकविणे ही निराळी गोष्ट झाली. भारताचा श्रीलंकेच्या यादवीत शिरकाव झाला तो खरोखर येथून. सैन्य चार वर्षांनी गेले, एवढेच.

१९८७ साली श्रीलंकेच्या फौजेने जाफन्याच्या द्वीपकल्पाला वेढा घातला. ३ जून रोजी भारताने धान्य व औषधे घेऊन मासेमारीच्या होड्या धाडल्या, त्या तेथील आरमाराने परत फिरविल्या. दुसऱ्याच दिवशी आपल्या विमानांनी जाफन्यावर ती सामग्री वरून टाकली. कोलंबोच्या सरकारने ह्याचा अर्थ ओळखला. २९ जुलै रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने ह्यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. उत्तर व पूर्व प्रांत तूर्त एकत्र करावेत, तमिळ भाषेला राजभाषेचा मान द्यावा, श्रीलंकेच्या फौजेने छावण्यांत परतावे, तमिळ टोळ्यांनी बहात्तर तासांच्या आत शस्त्रे खाली ठेवावीत, आणि ह्या सर्वांची शाश्वती म्हणून भारताची शांतिसेना तेथे राहावी, असे त्या कराराचे स्वरूप होते. कलमे वाचली तर त्यांत वाईट असे काही नाही.

पण सह्या कोणाच्या? दोन सरकारांच्या. रानात बंदूक घेऊन बसलेल्या लिट्टेचा, म्हणजे तमिळ वाघांचा, पुढारी प्रभाकरन ह्याची सही त्यावर नव्हती. त्याला दिल्लीस आणून बसविले, समजाविले, दडपणही आणले. भाऊबंदकीच्या वाटणीत एक भाऊ बाहेर असताना पंचांनी कागद पुरा केला, तर त्या कागदाने शेताच्या बांधावरची कुऱ्हाड खाली ठेवली जात नाही, हे आपल्या खेड्यांतील कोणताही जाणता माणूस सांगेल. दुसरीकडे सिंहली जनतेलाही हा करार म्हणजे परक्याची दडपेगिरी वाटली. ३० जुलै रोजी मानवंदना स्वीकारीत असलेल्या आपल्या पंतप्रधानांवर रांगेतल्या एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला आणि हाणला. ते थोडक्यात वाचले.

आरंभी जाफन्याच्या लोकांनी आपल्या जवानांच्या गळ्यात हार घातले. दोन महिन्यांत सारे उलटले. थोडीबहुत शस्त्रे जमा झाली, बाकीची लपविण्यात आली. ऑक्टोबरच्या आरंभी श्रीलंकेच्या आरमाराने वाघांचे सतरा माणूस समुद्रात पकडले. त्यांतील बाराजणांनी कैदेत सायनाइड खाऊन प्राण दिला, आणि वाघांनी करार धुडकावला. मग आपल्या सेनेला जाफना जिंकण्याची आज्ञा झाली. शांतता राखण्यासाठी म्हणून गेलेली पलटण आता गल्लीगल्लीतून लढू लागली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवान उतरले. वाघांना आधीच सुगावा लागला होता. त्या तिसांपैकी एकोणतीस ठार झाले, एक कैदी झाला. शहर घेण्यास आठ दिवस पुरतील असे म्हणणाऱ्यांना दोन आठवडे लागले, आणि शहर घेतल्याने युद्ध संपले नाही ते नाहीच.

सर्वांत दुःखद घटना २१ ऑक्टोबरची, दिवाळीच्या दिवसांतली. जाफन्याच्या रुग्णालयातून आपल्यावर गोळीबार होत आहे असे म्हणून आपले सैनिक आत शिरले, आणि तेथे रुग्ण, डॉक्टर व परिचारिका मिळून साठाहून अधिक माणसे मारली गेली. काय घडले ह्याविषयी दोन्ही बाजूंनी निरनिराळी विधाने झाली. मेलेले मात्र उपचारासाठी आलेले आणि उपचार करणारे लोक होते. आपले जवान क्रूर होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या शत्रूला गणवेश नाही, जो सकाळी दुकानात बसतो आणि रात्री सुरुंग पेरतो, त्याच्याशी परमुलखात, भाषा न समजता लढण्यास ज्यांना उभे केले, त्यांच्या हातून असेच काही घडण्याचा संभव असतो. पाठविणाऱ्यांनी हे आधी जाणले पाहिजे.

ह्या सेनेत आपल्या बेळगावात तयार झालेले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते, महार रेजिमेंटचे होते. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतील मेजर रामस्वामी परमेश्वरन ह्यांस २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वीरमरण आले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ज्यांचे मुलगे, भाऊ सैन्यात आहेत अशी घरे आमच्या वाचकांत थोडी नाहीत. त्यांच्यासाठी हा प्रश्न पारावरच्या गप्पांचा नव्हे.

पुढची कथा लवकर सांगता येईल. आपल्या फौजेच्या तेथील मुक्कामाचे निमित्त करून दक्षिणेत सिंहली तरुणांच्या एका जहाल पक्षाने बंड केले, आणि ते मोडताना तेथील सरकारने हजारो मुले मारली. १९८९ साली प्रेमदास राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी आपल्या सेनेस निघून जाण्यास सांगितले, इतकेच नव्हे तर तिच्याशी लढण्यासाठी वाघांना गुप्तपणे शस्त्रे पुरविली! २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमलीहून निघाली. सुमारे बाराशे जवान मागे राहिले. मद्रासच्या बंदरावर त्यांच्या सोबत्यांच्या स्वागतास तमिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींचा, आणि १ मे १९९३ रोजी कोलंबोत प्रेमदासांचा वाघांच्या मानवी बाँबने बळी घेतला. यादवी २००९ च्या मे महिन्यापर्यंत चालू राहिली.

येथे कोणी वाचक विचारील, मग १९७१ साली आपण पूर्व पाकिस्तानात गेलो तेही चूकच म्हणायचे काय? आम्ही तसे म्हणत नाही. तेथे सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते. तेथील जनतेने आदल्याच वर्षी निवडणुकीत आपला कौल स्पष्ट दिला होता, आणि आपली सेना आत शिरली तेव्हा ती जनता जवळजवळ एकमुखाने तिच्या पाठीशी होती. लढाई तेरा दिवसांत संपली आणि १९७२ च्या मार्चमध्ये आपले सैनिक घरी परतलेही. श्रीलंकेत ह्यांतील एकही गोष्ट नव्हती. सरकारचे बोलावणे होते, पण तेही मनापासून नव्हे. आणि जनतेचे तर दोन तुकडे झालेले, त्यांतील एकालाही आपण शेवटपर्यंत आपले वाटलो नाही.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे. १९९४ साली आफ्रिकेतील रुआंडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसांची कत्तल झाली. संयुक्त राष्ट्रांची छोटीशी सेना तेथे होती. कत्तल सुरू झाल्यावर ती वाढविण्याऐवजी कमी करण्यात आली. तो देश बहुतांशी ख्रिस्ती, त्यातही कॅथलिक पुष्कळ, आणि देवळात आसऱ्यास गेलेल्यांनाही देवळातच मारण्यात आले. तेथे कोणी सैन्य पाठविले असते तर आम्ही त्याला दोष दिला नसता. संत थॉमस अक्विनस ह्यांनी न्याय्य युद्धाला तीन अटी घातल्या: योग्य अधिकार, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात आणखीही आहेत. त्यांतील दोन अशा, की यशाची खरीखुरी आशा असावी, आणि जे अरिष्ट टाळावयाचे त्याहून मोठे अरिष्ट शस्त्राने ओढवू नये. रुआंडात थोड्याशा बळाने पुष्कळ जीव वाचण्यासारखे होते. जाफन्यात कारण न्याय्य असूनही यशाची आशा कशावर उभी होती, हे दिल्लीत कोणी विचारलेले दिसत नाही. आमच्या मते सैन्य पाठविण्याचा विरोध ह्या जागी करावयाचा असतो; "आपल्याला काय त्याचे" ह्या जागी नव्हे.

थोडे विषयांतर करतो. ह्याच जाफन्यात १६८७ साली, म्हणजे आपल्या सेनेच्या बरोबर तीनशे वर्षे आधी, गोव्याचा एक मनुष्य शिरला होता. डच राजवटीने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती, म्हणून तो मजुराच्या वेषात गेला. बाणावलीस जन्मलेले हे फादर जोसेफ वाझ. कँडीच्या राजाने त्यांना हेर समजून कैदेत टाकले. ते तमिळ शिकले, सिंहली शिकले, देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी सेवा केली, आणि १७११ साली कँडीतच देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले, आणि त्याच दिवशी ते उत्तरेस मढू येथील मरियामातेच्या तीर्थस्थानी गेले. तेथे सिंहली व तमिळ दोन्ही भाविक जातात. यादवीच्या काळात हजारो निर्वासित त्या देवळाच्या आवारात राहत होते. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये तेथेही तोफगोळे पडून चाळीसच्या आसपास माणसे मेली. जोसेफ वाझ ह्यांच्यासारख्यांनी युद्धे थांबतात असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. परक्या माणसावर संशय त्यांच्याही वाट्यास आला, तो फिटण्यास वर्षे लागली, आणि त्यांनी तेवढी वर्षे दिली.

शस्त्राविना मध्यस्थी करूनही पाहण्यात आली. नॉर्वेच्या प्रयत्नाने २००२ साली युद्धविराम झाला, उत्तर युरोपातील निःशस्त्र निरीक्षक येऊन राहिले. तोही मोडला. परंतु काही वर्षे माणसे पूर्वीपेक्षा कमी मेली आणि निरीक्षकांच्या हातून रुग्णालयात कोणी मेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

कोलंबोजवळ श्रीलंकेच्या संसदेच्या परिसरात आज आपल्या शांतिसेनेचे स्मारक आहे. ते त्यांच्याच सरकारने बांधले. आणि इकडे तमिळनाडूत, रामेश्वराजवळच्या मंडपम येथे व इतर अनेक छावण्यांत, १९८३ नंतर होड्यांतून आलेल्यांची मुले-नातवंडे अजून राहतात. त्यांतील पुष्कळांचा जन्म ह्याच भूमीवर झालेला आहे, आणि तरी बहुतेकांना नागरिकत्व नाही.