आज खारा वारा कधी येणार?

मार्चमध्ये मुंबईचा अंदाज उघडला की मी कमाल तापमान नंतर बघतो, आधी वाऱ्याची दिशा. सकाळी जमिनीवरून पूर्वेचा कोरडा वारा वाहतो. जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा आत शिरतो आणि पारा थबकतो. पूर्वेचा वारा जोरात असला, तर खारा वारा ११ ऐवजी दुपारी २ पर्यंतही रखडतो. तेवढ्यात पारा ३८ ला टेकलेला असतो!

किनाऱ्यावर कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त असेल, तर हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. मैदानी भागात ही सुरुवात ४० पासून. पण ‘लाट नाही’ वाचून निर्धास्त होऊ नका. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असली की घाम वाळत नाही, अंग निवत नाही. मासळी बाजारातल्या मावशींना हे वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा: अंदाजातलं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त पाव हवामान केंद्रांवर, आणि २४ तासांचा पाऊस मोजतात सकाळी साडेआठला. रात्रभर कोसळलेला पाऊस कालच्या आकड्यात नसतो तो त्यामुळेच.