सुटी आणि सुटलेला छंद

रब्बीची मळणी आटोपली, धान्य घरात आले, की मृगाचा पाऊस पडेपर्यंत शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. शिक्षकांना तर मे महिन्याची सुटी हक्काचीच. या दिवसांत करायचे काय, असे कोणी विचारले तर “विश्रांती!” हे उत्तर चटकन येते. ते चूक नाही. परंतु दोन-चार दिवस झोप पुरी झाली, की नुसते पडून राहणे अंगावर येते आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो.

पुष्कळ घरांत माळ्यावर एखादी पेटी धूळ खात असते, खुंटीला पखवाज टांगलेला असतो, ट्रंकेच्या तळाशी चित्रांची वही असते. विचारले तर उत्तर येते, “अहो, एके काळी वाजवीत होतो. आता सगळं विसरलं.”

या ‘विसरलं’चा जरा विचार करू. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या तो पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि पुन्हा पाठ करी. दुसऱ्या खेपेस वेळ कमी लागे. १८८५ साली त्याने हे प्रसिद्ध केले. म्हणजे विसरलेसे वाटले, तरी सगळे पुसले जात नाही. हाताची सवय तर त्याहून चिवट. वर्षानुवर्षे सायकलला न शिवलेला माणूसही थोडा डगमगतो आणि चालवू लागतो.

मग घाई कशाला, पुढे पाहू, असे आपण म्हणाल. इथेच खरा धोका आहे. कौशल्य वाट पाहते. गोडी पाहीलच असे नाही. चार्ल्स डार्विनने १८७६ साली आत्मचरित्र लिहिले. त्यात तो सांगतो, की तिशीपर्यंत त्याला काव्याची फार आवड होती. पुढे मात्र कवितेची एक ओळही वाचवेना. ही आवड जाणे म्हणजे सुखच गमावणे, असे त्याला वाटले. पुन्हा जन्म मिळाला तर आठवड्यातून एकदा तरी काही काव्य वाचीन, संगीत ऐकीन, असे त्याने लिहून ठेवले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला जी हळहळ लागली, ती आपण का लावून घ्यावी?

तेव्हा सुरुवात साधी करा. आधी वाद्य दुरुस्त करा. पेटीचा भाता हवा सोडीत असेल, तर सूर तुमचा नव्हे, भात्याचा बिघडलेला असतो. पहिल्याच दिवशी जुन्या सफाईची अपेक्षा धरू नका. आठवडाभर एकच सोपा अभंग पुरे. रोज ठरलेली अर्धी घटका दिलीत, तरी बोटे ओळखीची वाट धरतील.

आणि घरातल्या बायकांचे काय? त्यांना सुटी कुठली? मुले घरी, पाहुणे घरी, त्यांचे काम उलट वाढते. कोणाचे भरतकाम अर्धे राहिले आहे, कोणाचा गळा स्वयंपाकघरात विरला आहे. रोज एक तास त्यांचे काम घरातल्या इतरांनी उचलावे. पाणी भरता येते, भाजी चिरता येते. त्यात लाज कसली?

शाळा उघडेल, पेरणीची धांदल सुरू होईल. तेव्हा रोज जमणार नाही, हे उघडच आहे. म्हणून डार्विनचा नियम ध्यानात ठेवा: आठवड्यातून एकदा. गुरुवार असो की रविवार, वार तुम्ही ठरवा. पण तो मोडू नका.