सारथ्याला ‘नाही’ म्हणता येतं का? : चार्टर वैमानिकाचं काम आणि भवितव्य

गेल्या वेळी आपण ‘काम’ आणि ‘चाकरी’ या दोन शब्दांतला फरक पाहिला. आज एकच व्यवसाय घेऊन तो फरक तपासू, आणि तो मुद्दाम आपल्या डोक्यावरून जाणारा घेतला आहे. बारामतीच्या विमानतळावरून उडणारी प्रशिक्षणाची छोटी विमानं इंदापूरपर्यंतच्या शेतकऱ्याला आता नवी नाहीत. ऊसतोड चालू असताना कुणी मानही वर करत नाही. त्या विमानात बसलेल्या पोराचं किंवा पोरीचं पुढे काय होतं, एवढाच आपला प्रश्न.

आधी प्रवेशाची पायरी बघू. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वय १८ पूर्ण, वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण, एवढं झालं की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याहून वर जातो. मग ज्या जातीचं विमान चालवायचं त्याचं वेगळं ‘टाइप रेटिंग’, त्याचे पैसे निराळे. आपल्याकडे त्यासाठी जमिनीचा तुकडा विकला जातो किंवा तारण पडतो, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. धोकाही कागदावरचा नाही. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला एक शिकाऊ तरुणी एकटीच विमान घेऊन शेतात कोसळली. सुदैवाने किरकोळ जखमांवर निभावलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन अपघात झाले आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षणच थांबवलं.

परवाना हातात आला की प्रत्येकाला मोठी विमान कंपनी हवी असते. सगळ्यांना ती मिळत नाही. काहीजण चार्टरकडे वळतात. चार्टर म्हणजे काय? एसटी आणि वऱ्हाडाची गाडी यांत जो फरक, तोच. एसटी रिकामी असली तरी वेळेला सुटते. वऱ्हाडाची गाडी वऱ्हाड निघालं की सुटते, आणि वऱ्हाड कधी वेळेवर निघालंय? कायद्याच्या भाषेत याला ‘नॉन-शेड्यूल्ड’ वाहतूक म्हणतात, म्हणजे वेळापत्रक नसलेली. या एका नकारात त्या वैमानिकाचं सगळं आयुष्य सामावलेलं आहे.

म्हणजे कसं? रात्री अकराला फोन येतो, सकाळी सहाला निघायचं. सकाळी कळतं, साहेबांना उशीर आहे. मग वाट बघायची. उद्योगपती, पुढारी, रुग्णाला हलवणारे नातेवाईक, असे प्रवासी. निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टर मिळत नाही, इतकी मागणी असते; नंतर शुकशुकाट. साखर कारखान्याच्या हंगामासारखंच म्हणा ना! मोठ्या कंपनीत सामान चढवणारे वेगळे, जेवणाचं बघणारे वेगळे, उड्डाणाचा आराखडा करणारे वेगळे. इथे वैमानिक आणि सहवैमानिक यांतलं बरंचसं स्वतःच बघतात, बॅगाही उचलतात. यात कमीपणा नाही. आमच्या मते तर माणूस या धंद्यात व्यवसाय पुरता शिकतो: हवामान, इंधनाचा हिशेब, अनोळखी धावपट्टी, माणसाचा स्वभाव, सगळंच.

भवितव्याचं गणित मात्र नीट मांडायला हवं. पुढचा परवाना, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचा, १५०० तासांनी मिळतो. समजा, चार्टरमध्ये वर्षाला ३०० तास पडले. हातात २०० आहेत, उरले १३००. म्हणजे चार वर्षांहून जास्त. मोठ्या कंपनीत वर्षाची कमाल मर्यादाच १००० तासांची, तिथे तास भराभर जमतात. शिवाय तिथे ज्येष्ठतेची यादी असते. उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत कधी जाणार याचा अंदाज बांधता येतो. चार-दोन विमानांच्या कंपनीत मालकाने एक विमान विकलं की दोघांची नोकरी गेली. पण मोठी कंपनी म्हणजे अढळपद असं समजू नका. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. अशा प्रत्येक पडझडीनंतर अनुभवी माणसं बाजारात येतात, आणि २०० तासवाल्याला रांगेत आणखी मागे सरकावं लागतं.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कठोपनिषदात रथाचं रूपक आहे: आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. त्यात जायचंय रथ्याला, पण रथ सारथ्याच्या ताब्यात. चार्टर विमानात हे रूपक अक्षरशः उभं राहतं. फरक इतकाच, की इथला रथी पैसे मोजतो आणि मागच्या खुर्चीवरून बोलतो.

एक साधा प्रसंग कल्पा. सभा लांबलेली, हेलिकॉप्टर मैदानात उभं. आपल्याकडे डोळ्यांच्या भरवशावरचं उड्डाण, ज्याला व्हीएफआर म्हणतात, ते सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडे चालत नाही. भाषण संपत नाही, सूर्य थांबत नाही. किंवा पहाटेचं धुकं घ्या. बारामतीच्या धावपट्टीवर आयएलएस नाही. म्हणजे ढगातून, धुक्यातून रेडिओच्या खुणेवर विमानाला खाली आणणारी यंत्रणा नाही. शेवटी वैमानिकाला स्वतःच्या डोळ्यांनी धावपट्टी दिसावी लागते. आणि मागून विचारणा होते, “अहो कॅप्टन, मागच्या वेळी तर उतरवलं होतंत की!”

आंतरराष्ट्रीय नियम याबाबत स्पष्ट आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार विमानाबाबतचा अंतिम अधिकार विमानाच्या कॅप्टनचा. प्रवाशाचा नाही, मालकाचाही नाही. पण अधिकार कागदावर असणं आणि तो वापरून झाल्यावर दुसऱ्या दिवशी नोकरी टिकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या कंपनीत दीडशे प्रवासी चिडले तरी कॅप्टनला त्यांची नावंही कळत नाहीत. इथे चिडणारा एकच असतो, आणि त्याच्याकडे मालकाचा नंबर असतो. चाकरी सुरू होते ती इथे. ज्याला आपल्या विद्येच्या आधारावर नकार देता येत नाही, तो कितीही कुशल असो, तो काम करत नाही, हुकूम पाळतो.

म्हणून आमच्याकडे पालक येतात, “सर, चार्टरची नोकरी घ्यावी का?” असं विचारतात, तेव्हा आम्ही पगाराआधी तीन गोष्टी विचारायला सांगतो. विमानं किती आणि वर्षाला तास किती पडतात? प्रशिक्षणाच्या खर्चापोटी बाँड आहे का, असल्यास किती वर्षांचा? आणि तिसरा प्रश्न मुलाने स्वतः तिथल्या जुन्या सहवैमानिकाला, कार्यालयाबाहेर चहा पिताना विचारायचा: हवामानामुळे शेवटचं उड्डाण कुणी रद्द केलं, आणि तो कॅप्टन अजून इथेच आहे का?