साथीच्या काळात दातांचा दवाखाना : तुमची सुरक्षा कशी राखली जाते आणि तुम्ही काय पाहावे

(भिलाई-दुर्ग परिसरातील मराठी भाषक लाभार्थ्यांसाठी)

दाढ ठणकायला लागली की रात्र सरत नाही. पण बाहेर साथ सुरू असली की दवाखान्याची पायरी चढायलाही भीती वाटते. कोविडच्या काळात अनेक घरांत हेच झाले. दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून बसायचे, म्हणजे मास्क काढावाच लागतो. मग आजार घरी आणला तर?

ही भीती चुकीची नाही. मात्र तिच्यावर उपाय आहेत आणि त्यांतले बहुतेक तुम्हाला खुर्चीत बसल्या बसल्या दिसू शकतात. काय पाहायचे, काय विचारायचे, कोणते दुखणे थांबू शकते आणि कोणते एक दिवसही थांबू शकत नाही, हे या लेखात सांगितले आहे.

थोडक्यात

• साथ असताना दवाखान्यात थेट जाऊ नका, आधी फोन करा.
• हत्यारांचे बंद पाकीट तुमच्यासमोर उघडायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.
• खोलीत हवा खेळती असावी, खिडकी उघडी असावी.
• चेहऱ्यावर किंवा मानेवर सूज, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.
• आयुष्मान कार्डावर दाखल होऊन मंजूर उपचार घेत असाल, तर त्या उपचारासाठी वेगळे पैसे देऊ नका.

दातांच्या दवाखान्यात धोका जास्त का असतो?

दात कोरण्याचे यंत्र मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. दात तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा सुटतो. या फवाऱ्यात रुग्णाची लाळ आणि थोडे रक्त मिसळते. त्याचे अगदी बारीक तुषार हवेत उडतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. दात साफ करण्याच्या कंपन पावणाऱ्या यंत्रानेही असेच होते.

म्हणजे धोका फक्त डॉक्टर आणि तुमच्यात नसतो. तुमच्या आधी खुर्चीत बसून गेलेल्या रुग्णाचे तुषारही खोलीत असू शकतात. म्हणून केवळ सॅनिटायझर लावून भागत नाही. हवा, हत्यारे आणि वेळ या तिन्हींची काळजी घ्यावी लागते.

2020 मध्ये कोणते नियम आले?

देशभर टाळेबंदी 25 मार्च 2020 पासून लागू झाली आणि दातांचे बहुतेक दवाखाने बंद राहिले. त्यानंतर मे 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रातले दवाखाने बंद ठेवून फोनवर सल्ला द्यावा, रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार करावेत आणि नेहमीची कामे पुढे ढकलावीत, असे त्यांत सांगितले होते. फवारा उडवणारी कामे शक्य तितकी टाळावीत, असाही सल्ला होता.

दुर्ग जिल्ह्यात दुसऱ्या लाटेत परिस्थिती बिकट झाली आणि 6 एप्रिल 2021 पासून जिल्ह्यात कडक टाळेबंदी लावावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरी या काळात लागलेल्या सवयी सोडू नयेत. क्षयरोग हवेतून पसरतो, हिपॅटायटीस-बी रक्तातून. दोन्ही आजार साथ नसतानाही असतात.

चांगला दवाखाना काय करतो? पायरी-पायरीने पाहा

1. फोनवर विचारपूस. ताप, खोकला, घसादुखी आहे का, वास येणे बंद झाले आहे का, घरात कोणी आजारी आहे का, हे विचारले जाते. खरे सांगा. ताप लपवून गेल्यास तुमच्यामागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागू शकते. लक्षणे असली तरी तातडीचा उपचार नाकारला जात नाही. तो वेगळ्या वेळी किंवा मोठ्या रुग्णालयात केला जातो.

2. ठरलेली वेळ. दोन रुग्णांमध्ये अंतर ठेवलेले असते. त्या वेळात खोलीतली हवा बदलते आणि खुर्ची पुसली जाते. त्यामुळे फार आधी जाऊन बसू नका. लहान मूल, वृद्ध किंवा दिव्यांग रुग्ण असेल तरच एक जण सोबत न्या.

3. चूळ. उपचाराआधी पोव्हिडोन आयोडीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साईडच्या सौम्य द्रावणाने चूळ भरायला देतात. त्याने तोंडातले जंतू काही वेळापुरते कमी होतात. ते गिळू नका. आयोडीनची ॲलर्जी, थायरॉईडचा विकार किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा.

4. डॉक्टरांचा पोशाख. साथीत एन-95 मास्क, चेहऱ्यासमोर पारदर्शक ढाल, गाऊन आणि हातमोजे असावेत. हातमोजे प्रत्येक रुग्णासाठी नवे हवेत. मोजे घातलेल्या हाताने मोबाईल उचलला, तर ते बदलायला सांगा.

5. हत्यारे. ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. हत्यारे आधी धुऊन मग ऑटोक्लेव्ह यंत्रात ठेवतात. तिथे दाबाखालच्या वाफेत 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटे किंवा 134 अंशाला किमान 3 मिनिटे ती निर्जंतुक होतात. ज्या पाकिटात ती ठेवतात, त्यावरची खूण वाफ लागल्यावर रंग बदलते. पाकीट बंद आहे आणि खुणेचा रंग बदलला आहे, एवढे पाहून घ्या. नुसत्या उकळत्या पाण्यात सगळे जंतू मरत नाहीत. दात कोरण्याच्या यंत्राचा हातात धरायचा भागही प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक व्हायला हवा. सुई, भूल देण्याच्या औषधाची कुपी, लाळ ओढणारी नळी आणि पाण्याचा पेला एकदाच वापरायचा असतो.

6. काम करण्याची पद्धत. दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावला की लाळ फवाऱ्यात कमी मिसळते. जोरकस ओढणारी नळी तुषार तोंडाजवळच खेचून घेते. जमेल तिथे डॉक्टर यंत्राऐवजी हाताने दात साफ करतात. तोंडात फिल्म ठेवली की काहींना खोकला किंवा उमाळा येतो, म्हणून कधी कधी बाहेरून घ्यायचा एक्स-रे सुचवतात.

7. हवा. खिडकी उघडी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असावा. दार-खिडकी बंद करून आतली तीच हवा फिरवणारा एसी साथीच्या काळात चांगला नाही. भिलाईच्या मे महिन्यात हे सोसणे कठीण आहे, पण सकाळची वेळ मागून घेतली तर त्रास कमी होतो.

8. स्वच्छता आणि कचरा. प्रत्येक रुग्णानंतर खुर्ची, दिव्याची मूठ आणि ट्रे जंतुनाशकाने पुसतात. जैववैद्यकीय कचरा नियम, 2016 नुसार वापरलेल्या सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत जातो. तुमचा वापरलेला मास्क तिथल्या खुर्चीवर किंवा जिन्यात टाकू नका.

कोणते दुखणे थांबू शकते, कोणते नाही?

समजा, खुर्सीपारमधल्या एका कामगाराची खालची दाढ किडली आहे. बाहेर साथ आहे, रोजगार बंद आहे, म्हणून तो औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून दिवस काढतो. चौथ्या दिवशी ठणका कमी होतो. त्याला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात दाताची नस मेलेली असते आणि पू जबड्याखाली उतरत असतो. सहाव्या दिवशी जिभेखाली आणि मानेवर सूज येते, तोंड उघडत नाही. ही सूज श्वासनलिका दाबू शकते. अशा वेळी तासांचा प्रश्न असतो आणि जी दाढ काढून भागले असते, तिच्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते.

थांबू शकते : दात साफ करणे, कवळी बसवणे, दात सरळ करणे, न दुखणारी छोटी कीड. फोन करून पुढची तारीख घ्या.

दोन-तीन दिवसांत दाखवा : झोप मोडणारा ठणका, हिरडीतून पू, तुटलेला दात जिभेला लागणे, अक्कलदाढेभोवती सूज.

आजच जा : गालावर, डोळ्याखाली किंवा मानेवर पसरणारी सूज, सुजेसोबत ताप, गिळता न येणे, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त न उघडणे, दात काढल्यावर कापूस अर्धा तास घट्ट दाबूनही न थांबणारे रक्त, पडल्यामुळे जबड्याला मार. श्वास अडकत असेल तर 108 वर रुग्णवाहिका बोलवा.

कोविडसारख्या आजारातून उठलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे. मे 2021 मध्ये काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण इतके वाढले की केंद्राने राज्यांना त्यांची नोंद सक्तीची करायला सांगितले. मधुमेह असलेले आणि स्टेरॉईड घेतलेले रुग्ण त्यात जास्त होते. वरचे दात अचानक हलू लागणे, टाळूवर काळा डाग, गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव ही लक्षणे दातांच्या किडीची नाहीत. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

घरी हे करू नका

महाराष्ट्रात मशेरी, तसा छत्तीसगडमध्ये गुडाखू दातांना चोळतात. दुखऱ्या दाताला गुडाखू लावला की थोडा वेळ बधिर वाटते, पण तो तंबाखूच आहे आणि त्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. सुजेवर शेक देऊ नका. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका. कोमट मीठपाण्याने चूळ भरायला हरकत नाही, पण तो उपचार नव्हे.

कुठे जाल आणि कार्ड कुठे चालेल?

• सरकारी सेवा : दुर्ग जिल्हा रुग्णालय, सुपेला येथील लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय, रायपूरचे शासकीय दंत महाविद्यालय. साथीच्या काळात वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.
• दंत महाविद्यालये : भिलाईत कोहका भागात आणि दुर्गजवळ अंजोरा येथे खासगी दंत महाविद्यालये आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतो.
• पोलाद कारखान्याचे कर्मचारी : सेक्टर-9 चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय.
• कंत्राटी कामगार : महिन्याचे वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर ईएसआय दवाखान्यातून सुरुवात करा.
• आयुष्मान कार्ड : ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. दात भरणे किंवा साफ करणे अशा बाह्यरुग्ण कामांसाठी तिच्यावर विसंबू नका. मात्र जबडा मोडणे किंवा जबड्याची शस्त्रक्रिया यांचा समावेश असतो. गोंदिया, भंडारा किंवा नागपूरकडून आलेल्या कुटुंबाचे आयुष्मान कार्ड तिकडचे असले, तरी देशातल्या कोणत्याही संलग्न रुग्णालयात ते दाखवता येते. आधी रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राकडे पात्रता तपासून घ्या.

पैशांबाबत : 2020-21 मध्ये अनेक खासगी दवाखान्यांच्या बिलात पीपीई किटचा वेगळा खर्च येत असे. खुर्चीत बसण्याआधी एकूण रक्कम विचारा आणि पावती घ्या. संलग्न रुग्णालयाने मंजूर उपचारासाठी तुमच्याकडून पैसे मागितले, तर 14555 या विनाशुल्क क्रमांकावर तक्रार करा.

दवाखान्यात हिंदीत कसे सांगाल?

घरी मराठी बोलणाऱ्यांना दुखणे नेमके सांगताना हिंदी शब्द आठवत नाही आणि नुसते "दर्द है" सांगून वेळ निघून जातो. ही वाक्ये लिहून ठेवा.

• दाढ ठणकते, रात्री झोप लागत नाही : "दाढ़ में टीस उठती है, रात को नींद नहीं आती।"
• हिरडीतून पू येतो : "मसूड़े से मवाद आ रहा है।"
• गाल सुजला आहे, तोंड पूर्ण उघडत नाही : "गाल सूज गया है, मुँह पूरा नहीं खुल रहा।"
• गिळताना त्रास होतो : "निगलने में तकलीफ़ है।"
• पाकीट माझ्यासमोर उघडा : "औज़ारों का पैकेट मेरे सामने खोलिए।"

डॉक्टरांनी "कुल्ला कीजिए" म्हटले, तर चूळ भरायची आहे.

लक्षात ठेवा

पाकीट समोर उघडायला सांगण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर ते न सांगताही उघडतो. उपचार मोफत असो वा पैसे देऊन, निर्जंतुक हत्यार आणि नवे हातमोजे प्रत्येक रुग्णाला मिळायलाच हवेत. संकोच वाटत असेल तर घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला सोबत न्या आणि त्यांना विचारायला सांगा.