नवी पाटी घेताना

दसरा-दिवाळीच्या सुमारास राजारामपुरीतल्या मोबाइलच्या दुकानांत एक छोटे गिऱ्हाईक हटकून दिसते. वय वर्षे चार ते आठ. त्याला अजून धड वाचता येत नसते, पण काचेवरून बोट कसे फिरवायचे हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. सोबत आई-वडील असतात आणि पुष्कळदा आजोबाही, कारण पैसे तेच देणार असतात. दुकानदार जाड रबरी कव्हर घातलेला, धरायला मूठ असलेला रंगीत टॅब काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "हा खास मुलांचा आहे बघा." या 'खास' शब्दाला वजन मोठे. कव्हर खास, रंग खास, किंमतही खास. मुलासाठी त्यात खास काय आहे, हे विचारायचे मात्र गडबडीत राहून जाते. ते आज सावकाश विचारून पाहू.

टॅब्लेट म्हणजे मुळात पाटीच. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या लाकडी चौकटीच्या दगडी पाटीवर 'श्री' गिरवत शिकल्या. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडही ठेवला. त्या पाटीचा एक गुण आपण विसरतो. मूल लिहील तेवढेच तिच्यावर उमटे. ती स्वतःहून काही दाखवत नसे आणि 'अजून एक बघ' असे म्हणत नसे. नव्या पाटीची निवड करताना हीच कसोटी लावावी. या वस्तूवर मूल काही करणार आहे, की ही वस्तूच मुलाला सतत काही दाखवत राहणार आहे?

गंमत अशी, की ज्याने या नव्या पाटीची कल्पना मांडली त्याच्याही मनात हाच प्रश्न होता. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या अ‍ॅलन के यांनी १९७२ साली एक निबंध लिहिला. सर्व वयांच्या मुलांसाठी एक वैयक्तिक संगणक, हा त्याचा विषय. वहीएवढे, सहज नेता येईल असे यंत्र त्यांनी कल्पिले आणि त्याला 'डायनाबुक' असे नाव दिले. त्या निबंधातली नऊ वर्षांची दोन मुले पडद्यावरचा खेळ नुसता खेळत नाहीत. त्या खेळाचे नियम बदलून पाहतात आणि त्या नादात भौतिकशास्त्रातले प्रश्न विचारू लागतात. यंत्राने मुलाला चालवायचे नाही, मुलाने यंत्राला चालवायचे, असा तो विचार होता. पुढे २०१० साली अ‍ॅपलचा आयपॅड आला, टॅब घरोघरी पोचला. पण त्या मूळ विचारातले किती उरले हे आपण पाहतोच आहोत.

यंत्र आले, पुढे काय?

आपल्या महाराष्ट्रालाही या बाबतीतला अनुभव आहे. निकोलस निग्रोपाँटे यांच्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा वाडीवरच्या प्राथमिक शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते यंत्र खरोखरच मुलांचा विचार करून घडवलेले होते. कीबोर्डवर पाणी-धूळ जाऊ नये म्हणून रबराचे आवरण होते. पडदा उन्हातही वाचता येई, आणि तो फिरवून घडी घातला की यंत्र पुस्तकासारखे हातात धरता येई. शंभर डॉलरचे म्हणून गाजले, तरी त्याची किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली. केंद्र सरकारने ही योजना त्याच्या आदल्याच वर्षी नाकारली होती.

मग आपले स्वतःचे 'आकाश' आले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. सात इंची पडदा आणि सरकारला पडणारी किंमत सुमारे २,२५० रुपये, म्हणून जगभर बोलबाला झाला. प्रत्यक्षात पडद्यावर बोट दाबून धरावे लागे, यंत्र संथ चाले आणि बॅटरी लवकर मान टाकी. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती काढावी लागली. ही योजना कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी होती, पण धडा बालवाडीच्या पालकालाही लागू आहे. जे यंत्र बोटाला वेळेवर उत्तर देत नाही, त्यावर मोठा माणूस चिडतो आणि लहान मूल जोरजोरात बोटे आपटू लागते. स्वस्त आणि बिनकामाचे यात फार अंतर नसते.

आणि समजा, यंत्र उत्तम मिळाले तर? पेरू देशात हेच हिरवे लॅपटॉप ग्रामीण शाळांत मोठ्या प्रमाणावर वाटले गेले होते. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या गणितात आणि भाषेत त्यामुळे प्रगती झाल्याचे त्यात आढळले नाही. तर्काच्या काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला, एवढेच. यंत्र वाईट नव्हते. ते घेऊन काय करायचे हे सांगणारे, सोबत बसणारे माणूस कमी पडले.

आपल्या घरांत हा प्रश्न २०२० च्या मार्चनंतर वेगळ्या रीतीने शिरला. शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलवर आले. शिरोलीच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या बापाचा फोन हीच घरातली शाळा झाली. तो कामावर गेला की शाळाही त्याच्या खिशातून निघून जाई. तेव्हा मुलासाठी वेगळा टॅब घेणे ही अनेकांची गरज होती. शाळा पुन्हा भरल्या, पण पडद्याची सवय मात्र घरातच मुक्कामाला राहिली. आज जेवताना, रडताना, पाहुण्यांसमोर गप्प बसवताना तीच पुढे केली जाते. म्हणून विकत घेण्याआधी स्वतःला विचारावे, हा टॅब मुलासाठी घेतो आहोत, की आपल्याला थोडी उसंत मिळावी म्हणून? उसंत हवी असण्यात गैर काही नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात ती लागतेच. मात्र उत्तर खरे द्यावे, कारण त्यावर पुढची सगळी निवड अवलंबून आहे.

आधी वय, मग किंमत

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एक वर्ष आणि त्याखालच्या मुलाला बसून पाहण्याचा पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून जास्त नको, त्याहून कमी असेल तर अधिक बरे. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही सांगणे असेच आहे. दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही, दोन ते पाच या वयात मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा या वयात दोन तासांच्या आत. त्यात टीव्ही आणि आईचा मोबाइलही मोजायचा, हे लक्षात असू द्यावे. टॅबचा तास वेगळा आणि कार्टूनचा तास वेगळा, असा हिशेब चालत नाही.

मूल पाचाच्या आतले असेल आणि त्याला नुसते रेघोट्या मारायला काही हवे असेल, तर महाद्वार रोडवर फिरताना दिसणारी एलसीडीची लिहायची पाटीही पुरते. ती काही शे रुपयांत मिळते, तिला इंटरनेट नसते आणि बटण दाबले की ती कोरी होते. घेताना एकच पाहावे, आतल्या चपट्या गोल सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बसते ना. तो सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजते आणि प्रसंग जिवावर बेततो.

टॅबच घ्यायचे ठरले, तर 'मुलांचा टॅब' म्हणजे काय हे समजून घ्यावे. बहुतेकदा तो साधाच टॅब असतो. त्यावर जाड कव्हर, पालकांच्या हाती राहणारे कुलूप आणि मुलांचे काही खेळ-गोष्टी, एवढी भर असते. कव्हर बाजारात वेगळे मिळते. कुलपाची सोय अँड्रॉइड आणि आयपॅड या दोन्हींत आधीपासून असते. किती वेळ चालू राहावा, कोणते अ‍ॅप उघडावे, रात्री किती वाजता बंद व्हावा, हे सगळे पालकाला आपल्या फोनवरून ठरवता येते. तेव्हा नावाजलेल्या कंपनीचा साधा टॅब आणि चांगले कव्हर, हा हिशेब अनेकदा जास्त टिकाऊ ठरतो.

दुकानात विचारण्यासारखे प्रश्न असे. पडदा आठ इंची आहे की दहा? लहान हातांना आठ इंची हलका पडतो. वाचनाला दहा इंची बरा, पण तो टेबलावर टेकवूनच वापरावा. रॅम निदान चार जीबी आणि साठवण निदान चौसष्ट जीबी आहे का? सॉफ्टवेअरची सुधारणा आणखी किती वर्षे मिळणार? अनोळखी कंपनीचा टॅब दोन वर्षांत म्हातारा होतो आणि नवी अ‍ॅप त्यावर चालेनाशी होतात. सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की पुण्याला पाठवायचे? काच फुटली तर बदलायला किती लागतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टॅबच्या निम्म्या किमतीएवढे आले, तर तिथेच विचार करावा. सिमची सोय मुद्दाम टाळावी. घरच्या वायफायवरच चालणारा टॅब घराबाहेर आपोआप गप्प होतो.

आणखी एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो, मराठीचे काय? पुष्कळशा 'खास मुलांच्या' टॅबमध्ये आधीपासून भरलेली गाणी, गोष्टी, अक्षरे सगळी इंग्रजी असतात. मग आजीला मुलाशेजारी बसून काही सांगता येत नाही. तिची गोष्ट मागे पडते आणि मूल घरातल्या घरात परक्या बोलीत रमते. खरे तर मराठीत विनामूल्य साहित्य भरपूर आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर वाचता येतात. 'दीक्षा' हे सरकारी अ‍ॅप २०१७ पासून आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संग्रहात २०१५ पासून मुलांची सचित्र पुस्तके मोफत ठेवलेली आहेत, त्यांत मराठी पुष्कळ आहेत. पहिल्याच दिवशी ही भर घालून, मराठी कीबोर्ड सुरू करून मगच टॅब मुलाच्या हाती द्यावा.

पैशाचे व्यवहार त्या टॅबवर ठेवूच नयेत. यूपीआय नको, कार्डाचा नंबर नको. फुकट म्हणून आलेला खेळ तिसऱ्या दिवशी रत्ने आणि नाणी विकू लागतो, आणि सहा वर्षांच्या मुलाला खरे नाणे आणि पडद्यावरचे नाणे यातला फरक कळत नाही. मुलाचे नाव, शाळा, फोटोही भरू नयेत. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, अशी तरतूद २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात आहे. पण कायदा दाराशी उभा राहत नाही. दार आपल्यालाच लावावे लागते.

डोळ्यांचेही सांगायला हवे. जवळचे सतत पाहणे आणि उन्हात कमी खेळणे यांचा लघुदृष्टीशी, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याशी, संबंध आहे. मोकळ्या हवेत घालवलेला वेळ हा त्यावरचा चांगला बचाव आहे. रंकाळ्यावरची एक संध्याकाळ यासाठी कोणत्याही 'आय-केअर' पडद्यापेक्षा गुणकारी. टॅब अंथरुणात नको, जेवणाच्या ताटाशी नको आणि झोपण्यापूर्वीचा एक तास तर मुळीच नको. हे नियम मोठ्यांनीही पाळायचे. नाहीतर मूल बोलत नाही, पण पाहते सगळे.

याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले. मुलाने हाताने करून, प्रश्न विचारून, आजूबाजूचे जग न्याहाळून शिकावे, हा त्या शाळेचा आग्रह. अशा शिक्षणाचे टॅबशी वैर असण्याचे कारण नाही. मुलाने परसातल्या मुंगळ्यांच्या रांगेचा फोटो काढला, आजोबांच्या तोंडून पंचगंगेच्या जुन्या पुराची हकिगत ध्वनिमुद्रित केली, स्वतःची गोष्ट चित्रांतून मांडली, तर ती पाटी मुलाच्या हातातली झाली. तोच टॅब एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ दाखवत राहिला, तर मूल त्या पाटीच्या हातातले झाले.

म्हणून घेण्याआधी आठ दिवसांची एक चाचणी करून पाहावी. टॅब आणायचा नाही. घरात आहे त्याच फोनवर, रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास मुलाशेजारी बसायचे. एक गोष्ट वाचायची, एक चित्र काढायचे आणि वेळ संपली की फोन ठेवून त्याच गोष्टीवर बोलायचे. आठांपैकी पाच दिवस हे जमले, तर खुशाल दुकानात जावे; टॅब कोणताही घेतला तरी तो कामी येईल. नाहीच जमले, तर ते पैसे तूर्त पोस्टात ठेवावेत आणि आधी तो अर्धा तास शोधावा.